बोट ठेवलं तिथं सही

माझ्या सासूबाईंची एक सही मी फसवून घेतली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला पुढे माझ्याबद्दल उगाच चांगलं वाटायला नको. मी वकील, राहणार अकोला, स्वभावानं तापट. ज्या वर्षी ही सही घेतली त्या वर्षी मी अमरावतीला एलएल.एम. करत होते आणि माझ्या प्रबंधाचा विषय होता युरोपातल्या सामाईक बाजारपेठेतलं ग्राहक संरक्षण. त्यातही मुख्य भाग ग्राहकाच्या संमतीचा. म्हणजे माणसानं हो म्हटलं, तर ते खरंच हो होतं का, हे कसं ओळखायचं.

विषय ऐकून कोर्टातल्या मंडळींनी माझी भरपूर टर उडवली. मूर्तिजापूरच्या ग्राहकाला न्याय मिळेना आणि बाई निघाल्या जर्मनीच्या ग्राहकाचं भलं करायला, असं चहाच्या टपरीवर रोज कोणीतरी म्हणायचंच. नवराही आधी हसला, मग निमूटपणे दर शनिवारी सकाळी मला बसस्टँडवर सोडायला लागला. मी चव्वेचाळीस वर्षांची, मुलगी शिकायला बाहेर. घरात आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई.

खरं कारण साधं होतं. ग्राहक आयोगापुढं इतकी वर्षं काम करून माझा जीव विटला होता. फ्रिज बिघडला, मोबाइल फुटका निघाला, विमा नाकारला. दरवेळी आमच्याच माणसानं सिद्ध करायचं की मालात खोट आहे. बिल कुठंय? बिल घेतलंच नाही, दुकानदार ओळखीचा होता. खोकं कुठंय? खोक्यात कांदे ठेवले. अशात एका व्याख्यानात मी ऐकलं की युरोपातल्या सत्तावीस देशांत ऑनलाइन किंवा दारावर घेतलेली वस्तू ग्राहकाला चौदा दिवसांच्या आत परत करता येते आणि त्याचं कारण सांगावं लागत नाही. मन बदललं, एवढंच पुरे. मला अक्षरशः हेवा वाटला. आमच्याकडं बाईला साडीचा रंग बदलून हवा असला तरी दुकानात दहा मिनिटं हुज्जत घालावी लागते, आणि तिकडं कारण विचारायचीच सोय नाही!

अमरावतीला आमच्या मार्गदर्शक मॅडम पुण्याच्या. फार नेमकं बोलायच्या. माझं वऱ्हाडी तोंड त्यांना पहिले काही महिने झेपलं नाही. मी सरळ विचारलं तरी त्यांना मी भांडतेय असं वाटायचं. पण वाचून घ्यायच्या कसून. ग्रंथालयात त्या मला एकेक निकाल काढून द्यायच्या आणि मी दुपारभर त्यात डोकं घालून बसायचे. भूक लागली की बाहेर येऊन गिला वडा खायचा, पुन्हा आत. इतक्या वर्षांनी विद्यार्थिनी व्हायला मिळालं, मला त्याचा फार आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू.

शिकलेलं घरी येऊन सांगायची मला सवय. ऐकायला सासूबाई. त्या दर्यापूरकडच्या एका खेड्यातल्या, लग्न होऊन अकोल्याच्या कडेला फुलं आणि भाजी पिकवणाऱ्या घरात आल्या. चाळीस वर्षं त्यांनी झेंडू, शेवंती, वांगी, मेथी विकली. सासरे सरकारी बागेत माळी होते, त्यांच्या माघारी सासूबाईंना पेन्शन मिळते. शाळा पाहिली नाही, पण प्रौढांच्या वर्गात सही करायला शिकल्या आणि त्या सहीचा त्यांना अभिमान होता. मी एकदा भाजी निवडता निवडता त्यांना चौदा दिवसांचा नियम सांगितला. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, मेथी चौदाव्या दिवशी परत आणली तर विकणाऱ्यानं ती बैलाला घालायची का? मी म्हटलं, आई, कायदा आहे तो, तसा कसा चुकेल. शनिवारी जाऊन पाहते तर काय, लवकर नासणारा माल त्या नियमातून स्पष्ट वगळलेला. पुस्तक उघडायच्या आधीच बाईनं अपवाद शोधला होता. मॅडमना सांगितलं तर त्याही खूप हसल्या.

आता त्या गादीची गोष्ट.

उन्हाळ्याच्या शेवटी, मी कोर्टात असताना, एक पस्तिशीतला माणूस आमच्या दारी आला. पाणी मागितलं. पाणी पिता पिता त्यानं सासूबाईंना माहेर कोणतं ते विचारलं. त्यांनी गावाचं नाव सांगताच तो म्हणाला, अरे, मी तिथलाच की. मारुतीच्या पारामागचं घर आमचं. झालं. आमच्याकडं माहेरच्या गावचा माणूस म्हणजे भाऊ नाहीतर भाचा. रक्ताचा असो नसो, जातीचा असो नसो. त्याला दारातून बोलून पाठवत नाहीत. सतरंजी टाकतात, चहा होतो, जेवायची वेळ असली तर ताट होतं. आणि त्याच्याशी भाव करत नाहीत. त्यानं 'आत्याबाई' म्हणून पाया पडून घेतलं आणि पिशवीतून चुंबकाच्या गादीची चित्रं काढली. सासूबाईंचे गुडघे चाळीस वर्षं उकिडवं बसून गेलेले. ह्या गादीवर झोपलं की गुडघे महिन्याभरात मोकळे होतात, असं तो म्हणाला. त्यांनी आपल्या साठवणीतले पैसे काढून दिले. वर, माहेरचा माणूस पहिल्यांदा घरी आला म्हणून त्याला टोपी-दुपट्टाही दिला. म्हणजे आमच्या घरात गादीही विकली गेली आणि विकणाऱ्याचा सत्कारही झाला.

मी घरी आले, कागद पाहिले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. सहा पानांचा इंग्रजी छापील फॉर्म, मुंगीएवढी अक्षरं, आणि शेवटच्या पानावर सासूबाईंची वळणदार सही. मी विचारलं, आई, वाचल्याशिवाय सही कशी केली? त्या म्हणाल्या, त्यानं बोट ठेवलं तिथं केली. मग मी त्यांना अर्धा तास व्याख्यान दिलं. कोणीही बोट ठेवू द्या, कागदात काय आहे ते कळल्याशिवाय सही करायची नाही. भाऊ असो, भाचा असो, देव असो. त्या मान हलवत होत्या. हे व्याख्यान मी दिलं होतं, हे लक्षात ठेवा.

महिनाभर त्या गादीवर झोपल्या. गुडघे होते तिथंच राहिले, पाठ मात्र दुखायला लागली. एक दिवस त्यांनी गुपचूप आपली गोधडी काढली, जमिनीवर अंथरली आणि गादी दाराआड उभी करून ठेवली. मी म्हटलं, परत करू. त्या नाही म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा नाही म्हटलं आणि कारण सांगितलं: माहेरच्या माणसाला परत घेऊन जा म्हटलं तर त्या गावात तोंड कसं दाखवायचं? सत्तरी ओलांडलेल्या बाईला गावात तोंड दाखवायची काय चिंता, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे मी ते बोलूनही दाखवलं.

योग पाहा. त्याच सुमारास मॅडमनी मला एक निकाल वाचायला दिला. एका माणसानं ऑनलाइन गादी मागवली, तिच्यावरचं प्लास्टिक काढलं आणि मग त्याला ती नको झाली. दुकान म्हणालं, प्लास्टिक फाडलेली गादी आम्ही परत घेणार नाही, अंगाला लागली आहे. युरोपातलं सगळ्यात वरचं न्यायालय म्हणालं, कपडेही माणूस अंगाला लावूनच पाहतो; गादी स्वच्छ करून पुन्हा विकता येते, तेव्हा परत करायचा हक्क जात नाही. मी ग्रंथालयात बसून हा निकाल वाचत होते आणि डोळ्यांपुढं आमच्या दाराआडची गादी. शिवाय, विक्रेत्यानं परत करायच्या हक्काची माहितीच दिली नसेल तर तिथं चौदा दिवसांची मुदत आणखी वर्षभर लांबते. आमच्या भाच्यानं कुठली माहिती दिली होती! मी बोटांवर महिने मोजले. युरोपात असतो तर अजून मुदत होती.

आपल्या कायद्यातही वाट होती. कारण न देता परत करायची मुभा नाही, पण गुडघे बरे होतील असं सांगून माल विकणं ही दिशाभूल आहे आणि त्यावर तक्रार टिकते. मॅडम म्हणत होत्या, तुमच्या तिसऱ्या प्रकरणात तुलना कोरडी झाली आहे, आपल्याकडचं एखादं जिवंत उदाहरण पाहिजे. जिवंत उदाहरण माझ्या घरात दाराआड उभं होतं. सासूबाईंवर अन्याय झाला म्हणून मी चिडले होते, ते खरंच. पण त्या रागात माझ्या प्रबंधाचा स्वार्थ मिसळलेला होता आणि तो किती होता, हे आजही मला नीट सांगता येत नाही.

तक्रार ग्राहकाच्याच सहीनं करावी लागते. सासूबाई सही देणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. नोव्हेंबरात त्यांचे पेन्शनचे कागद असतात. हयातीचा दाखला, बँकेचा फॉर्म, आधारची प्रत. हे सगळं दरवर्षी मीच करते. आमच्या घरात काय, आमच्या गल्लीत काय, म्हातारी माणसं कागद समोर आला की 'काय आहे' असं विचारत नाहीत, 'कुठं करू' असं विचारतात. घरातली शिकलेली सून बोट ठेवते, ती सही करतात. मी त्या वर्षी हयातीच्या कागदांखाली तक्रार, शपथपत्र आणि वकीलपत्र ठेवलं.

सासूबाई चष्मा लावून बसल्या. सही करताना त्यांना वेळ लागतो, एकेक अक्षर काढतात, शेवटी खाली रेघ ओढतात. चार सह्या झाल्यावर त्यांनी विचारलं, औंदा एवढे कागद? मी म्हटलं, हो, औंदा जास्त मागून राहिले. आणि पुढच्या पानावर बोट ठेवलं. त्यांनी केली.

हात थरथरला असं लिहायला हवं होतं, पण नाही थरथरला. नोटरीचा शिक्का ओळखीत मिळाला. तो कसा, ते इथं लिहीत नाही. तक्रार दाखल झाली, आयोगानं कंपनीला आणि त्या माणसाला नोटीस काढली. मी तिसरं प्रकरण नव्यानं लिहिलं. त्यात एक भाग होता आधीच खूण केलेल्या चौकोनांचा. ऑनलाइन खरेदी करताना 'मला हेही हवं आहे' असं म्हणणाऱ्या चौकोनात दुकानदारानं आधीच बरोबरची खूण करून ठेवली असेल आणि ग्राहकानं ती काढली नाही, तर युरोपचा कायदा म्हणतो की ही संमती नव्हे. गप्प राहणं म्हणजे हो नव्हे. ह्यावर मी अकरा पानं लिहिली. चांगली लिहिली. मॅडमनी वर्गात वाचून दाखवली आणि मी मान खाली घालून लाजत बसले, कौतुकानं. त्या अकरा पानांत एकदाही मला सासूबाई आठवल्या नाहीत.

नोटीस मिळाल्यावर तो माणूस आमच्या घरी आला. मी अमरावतीला होते, नवरा गावाला गेलेला. सासूबाईंनी नेहमीसारखी सतरंजी टाकली, चहा ठेवला. त्यानं नोटीस आणि तिला जोडलेली तक्रार काढून त्यांना वाचून दाखवली, जमेल तेवढी, आणि शेवटचं पान समोर धरलं. त्यांनी आपली सही ओळखली. हे सगळं मला नंतर शेजारच्या मास्तरीणबाईंनी सांगितलं. त्या निवृत्त शिक्षिका, सासूबाईंच्या मैत्रीण. त्या वेळी तिथंच बसल्या होत्या.

रविवारी संध्याकाळी मी अमरावतीहून आले तेव्हा सासूबाई ओट्यावर अंबाडी निवडत होत्या. शेजारी तक्रारीचे कागद, वर चष्म्याचं घर ठेवलेलं, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. मला आधी हात-पाय धुऊन यायला सांगितलं. मी आले. मग त्यांनी कागद पुढं केला.

"हे माई सही हाय. मी कवा केली?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, हयातीच्या कागदांचं, खोटं बोलल्याचं. वकिली केली नाही, एवढं माझ्या बाजूनं म्हणता येईल. मग मात्र तोंड आवरलं नाही, मी म्हटलं, आई, तुमच्या भल्यासाठीच केलं ना, त्यानं तुम्हाला लुबाडलं. त्या अंबाडीची पानं खुडत राहिल्या. आवाज चढवला नाही.

"मले इचारलं असतं तं मी नाई म्हनली असती. म्हनून तू इचारलं नाई."

पंधरा वर्षं मी उलटतपासण्या घेतल्या, पण एवढं सरळ वाक्य कोणी माझ्या तोंडावर टाकलं नव्हतं. मला रडू आलं आणि त्यांनी मला रडू दिलं. समजूत काढली नाही. निवडून झालेली भाजी उचलली आणि आत गेल्या.

त्यानंतर अबोला झाला असता तर बरं, असं मला वाटायचं. अबोला नव्हता. त्या आधीसारख्याच बोलायच्या, मी कोर्टातून आले की चहा विचारायच्या, मुलीचा फोन आला की मला हाक मारायच्या. फक्त दोन दिवसांनी त्यांनी आपली कागदांची पिशवी मागितली. रेशनकार्ड, आधार, पासबुक, पेन्शनचे कागद असलेली ती कापडी पिशवी लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून माझ्या कपाटात होती. मी ती काढून दिली. त्यांनी ती आपल्या पेटीत ठेवली. पुढच्या महिन्यात बँकेत जायचं होतं तर मास्तरीणबाईंना बरोबर घेऊन गेल्या. नवऱ्यानं मी सोडतो म्हटलं, तर म्हणाल्या, नको, बाई येऊन राहिली ना. मी स्वयंपाकघरात उभी राहून हे ऐकलं. माझ्या रिकाम्या कप्प्याकडं कितीतरी दिवस मला पाहवत नव्हतं.

मॅडमना मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या धक्का बसल्यासारखं करतील. त्या बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसल्या आणि मग म्हणाल्या की केस तुमच्या सासूबाईंची आहे, प्रबंध तुमचा. सासूबाईंची परवानगी नसेल तर त्या केसची एक ओळही प्रबंधात राहणार नाही. मी ते प्रकरण काढलं. ते काढल्यावर उरलेलं सगळं खिळखिळं झालं, पुन्हा बांधावं लागलं आणि माझं एक सत्र गेलं. कोर्टात मंडळींना मी सांगितलं की कामाच्या गडबडीत राहिलं.

मग एका रविवारी मी सासूबाईंपाशी जाऊन बसले आणि म्हटलं, तक्रार मी मागं घेते, त्यासाठी तुमच्या सहीचा एक छोटा अर्ज लागेल. त्या म्हणाल्या, थांब, आधी मी त्याच्याशी बोलते. आणि मला बजावलं की तो आला की तू आत राहायचं.

तो आला. चेहरा उतरलेला असावा, आवाजावरून तसं वाटलं. मी स्वयंपाकघरात गॅस बंद करून उभी. चहा झाला. गावच्या विहिरीला पाणी किती, कोणाच्या मुलीचं जमलं, हे सगळं विचारून झालं. मग सासूबाई म्हणाल्या की केस सूनबाई काढून घेते आहे. तो हायसं वाटून बोलू लागला तेवढ्यात त्यांनी त्याला थांबवलं आणि गादी घेऊन जायला सांगितलं. त्यानं विचारलं, काय झालं आत्याबाई, गादीत काही बिघाड आहे का? उशी पाहिजे का बरोबर? पाठवून देतो.

"नाई पायजे म्हनली ना. कारन नाई सांगत."

मी आत तोंडावर पदर धरला. हसू येत होतं की रडू, मलाच कळेना. अख्ख्या युरोपचा कायदा बाईनं एका दमात सांगून टाकला होता आणि कोणाचा अपमानही केला नव्हता. तो जरा वेळ बसला, ते मला दाराच्या फटीतून दिसलं. मग उठून गादीची वळकटी केली, दोरी मागितली, सासूबाईंनी दिली. रिक्षाच्या मागं बांधून घेऊन गेला. जाताना पाया पडला आणि त्यांनी डोक्यावर हात ठेवला. पैशांचं दोघांनी काय ठरवलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहून आणला, पाच ओळींचा. सासूबाई म्हणाल्या, हा नंतर. आधी पहिल्या कागदात काय लिवलं होतं ते सगळं वाच. मी म्हटलं, आता त्याचं काय काम? त्या म्हणाल्या, माह्या सहीचा कागद हाय, मले माहीत पायजे.

मी वाचायला बसले. कोर्टाची भाषा सोडून साध्या बोलीत सांगत गेले. त्या मधूनमधून थांबवायच्या. तो गुडघे बरे होतील म्हणाला नव्हता, मोकळे होतील म्हणाला होता. जेवला नव्हता, फक्त चहा घेतला होता. मी चौथ्या परिच्छेदाशी आले आणि अडखळले. युरोपच्या कायद्यात काही ग्राहक विशेष जपायचे मानतात, वयामुळं, आजारामुळं किंवा भोळेपणामुळं. तेवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून मी तक्रारीत लिहिलं होतं की तक्रारदार बाई वयोवृद्ध, अल्पशिक्षित आणि सहज भुलणाऱ्या आहेत. मला ते वाक्य गाळता आलं असतं. त्यांना काय कळणार होतं. पण पुन्हा तेच करायचं नव्हतं. मी वाचलं.

त्यांनी कागदावर हात ठेवून मला थांबवलं.

"चाळीस वर्सं बजारात बसली मी, कोनी सडकं वांगं देल्लं नाई मले," त्या म्हणाल्या. "भुलली ते दोनच डाव. एक डाव त्याले, एक डाव तुले."

मी म्हटलं, चुकलं आई. हे मी त्या दिवसांत बऱ्याचदा म्हटलं होतं, पण त्या वेळी खरंच आतून आलं. त्या म्हणाल्या, आता तो छोटा वाच. मी पाच ओळी वाचल्या. मी माझी तक्रार स्वेच्छेनं मागं घेत आहे, माझ्यावर कोणाचा दबाव नाही, मजकूर मला वाचून दाखवला, तो समजला, मान्य आहे. दोनदा वाचून दाखवलं. त्यांना ते पटलं असं दिसलं. मी पर्समधून पेन काढलं.

त्यांनी पेन घेतलं नाही. कुंपणापाशी जाऊन मास्तरीणबाईंना हाक मारली. त्या ओल्या हातांनीच आल्या, पदराला हात पुसले, चष्मा शोधला, पुन्हा घरी जाऊन आणला. सासूबाईंनी माझ्या हातातला कागद घेऊन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, वाचा बरं बाई, जोरानं.

मास्तरीणबाईंना सगळं ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. वर्गात वाचतात तसं एकेक शब्द सुटा करून त्या वाचू लागल्या. मी समोर बसून ऐकत होते. माझाच मजकूर, मीच टाइप केलेला, त्यात खोट नव्हती हे मला ठाऊक होतं, तरी मी एकेक शब्द मनात ताडून पाहत होते. पाच ओळी संपायला किती वेळ लागतो! वाचून झालं. सासूबाईंनी मला नाही, त्यांना विचारलं, एवढंच लिवलं हाय ना, दुसरं काई नाई? त्या म्हणाल्या, हो, एवढंच आहे.

मग त्यांनी पेन घेतलं. सही करून झाल्यावर खालची रेघ ओढली, कागद माझ्याकडं सरकवला आणि माझा चेहरा पाहून माझ्या हातावर आपला हात ठेवला.

"राग नोको मानू, पोरी. माया होती तितलीच हाय," त्या म्हणाल्या. "पन कागदाले आता मले दोघी लागतात."